मदत हवी आहे: उबुंटूवर कोरियन टाइप करताना शेवटचं अक्षर मागे राहतं

नमस्कार मंडळी,

आम्ही दोन वर्षांपासून कोरियात, सुवॉनला राहतो. लेक इथल्या शाळेत पहिलीत आहे. तिच्या वर्गाच्या बाईंशी सगळं बोलणं एका चॅट अ‍ॅपवर आणि कोरियनमध्येच चालतं. इथेच घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर मागच्या महिन्यात उबुंटू २४.०४ (लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं आणि तेव्हापासून अडकले आहे.

काल बाईंना ‘उद्या पाठवते’ असं कळवायचं होतं. कोरियनमध्ये ‘नेइल बोनेल्केयो’. एंटर दाबलं, तर निरोप गेला ‘नेइल बोनेल्के’ एवढाच, आणि ‘यो’ खालच्या रिकाम्या झालेल्या चौकटीत एकटं पडून राहिलं. दुरुस्तीसाठी लगेच दुसरा निरोप पाठवला, त्याचंही ‘यो’ मागे राहिलं.

कोरियन येत नसणाऱ्यांसाठी सांगते. वाक्याच्या शेवटचं हे ‘यो’ म्हणजे आपलं अहो-जाहो. ते गळलं की वाक्य चुकत नाही, पण ते थेट अरे-तुरेचं होतं. मैत्रिणीला चालेल, मुलीच्या बाईंना नाही. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला रात्रभर चुटपुट लागली. म्हणून हा धागा.

आतापर्यंत काय केलंय ते सांगते, म्हणजे तुमचा वेळ जायला नको.

सुरुवातीला सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या इनपुट सोर्सेसमध्ये नुसतं ‘कोरियन’ घेतलं होतं. त्यावर ‘आन्न्यंगहासेयो’ टाइप केलं की ‘डी के एस एस यू डी जी के टी पी डी वाय’ अशी इंग्रजी अक्षरं उमटायची. नंतर कळलं की ते नुसतं कळांचं लेआउट आहे, अक्षरं जुळवणारं काही त्यात नाही. मग आयबस-हंगुल (दाबलेल्या कळांमधून हंगुल, म्हणजे कोरियन लिपीतली अक्षरं जुळवणारा प्रोग्राम) याचं पॅकेज टाकलं, लॉगआउट करून परत आले, यादीत ‘कोरियन (हंगुल)’ दिसायला लागलं. ते निवडूनही इंग्रजीच उमटत होतं! दोन दिवसांनी सापडलं की हे इंजिन सुरू होतं ते इंग्रजीत, आणि शिफ्ट-स्पेस दाबल्यावर हंगुलमध्ये जातं. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘स्टार्ट इन हंगुल मोड’वर खूण केली, तेव्हा सुटले.

माझ्याकडे तीन भाषा आहेत: इंग्रजी, मराठी इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीचं कळांचं लेआउट) आणि कोरियन. सुपर-स्पेसने बदलते (सुपर म्हणजे विंडोजची खूण असलेली कळ). टेक्स्ट एडिटरमध्ये कोरियन व्यवस्थित येतं, ब्राउझरमध्येही येतं. रड आहे ती फक्त या चॅट अ‍ॅपमध्ये.

दुसरी, जरा लहान अडचण. या लॅपटॉपवर स्पेसबारच्या उजवीकडे ‘हान-यंग’ लिहिलेली कळ आहे, कोरियन-इंग्रजी बदलायची. ती चालावी म्हणून ट्वीक्स या जादा सेटिंग्जच्या अ‍ॅपमध्ये ‘उजव्या ऑल्टला हंगुलची कळ करा’ असा पर्याय निवडला. कळ चालू झाली, पण मराठीत रुपयाचं चिन्ह येईनासं झालं. घरचा हिशेब मी मराठीत लिहिते, त्यामुळे ते रोज लागतं.

कुणी हे केलंय का?

प्रतिसाद १

ताई, कायमचा उपाय नाही, पण आजच्या आज बाईंना निरोप पाठवायचा असेल तर ‘यो’नंतर एकदा स्पेस द्या आणि मगच एंटर दाबा. स्पेस पडली की अक्षर पक्कं होतं. पूर्णविराम दिला तरी चालतं. अक्षराखाली रेघ दिसते ना? ती गेली की समजायचं, आता एंटर मारायला हरकत नाही.

प्रतिसाद २

स्पेसचा उपाय बरोबर आहे. तो का चालतो हे कळलं तर पुढचं सोपं जाईल, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपण मराठीत ‘क’ दाबतो, मग वेलांटी दाबतो. दोन्ही फाइलमध्ये वेगवेगळी साठवली जातात, आणि ‘कि’ असं एकत्र दिसणं हे फाँटचं काम असतं. म्हणून मराठीला नुसतं लेआउट पुरतं. कोरियन अक्षर मात्र कागदावर पडण्याआधीच जुळावं लागतं. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, जुळलेल्या हंगुल अक्षरांच्या ११,१७२ जागा आहेत: सुरुवातीची १९ व्यंजनं, २१ स्वर आणि शेवटच्या व्यंजनाच्या २८ शक्यता (काहीच नसणं ही त्यातली एक) यांचा गुणाकार. तुम्ही दाबलेल्या कळांमधून त्यातलं नेमकं एक शोधून देणं हे आयबस-हंगुलचं काम.

आता अडचण अशी की अक्षर संपलं हे त्याला पुढची कळ आल्याशिवाय कळत नाही. जी, के, एस दाबा. ‘हान’ असं एकच अक्षर दिसेल, खाली रेघ. आता परत के दाबा. ‘हान’मधला न सुटून पुढे सरकतो आणि ‘हा’, ‘ना’ अशी दोन अक्षरं होतात. हाना म्हणजे एक. म्हणून शेवटचं अक्षर नेहमी हातात धरून ठेवलेलं असतं, अ‍ॅपला ते अजून दिलेलंच नसतं. तुमच्या अ‍ॅपमध्ये एंटर आधी पोहोचतो आणि हातातलं अक्षर मागून येतं. निरोप तोवर गेलेला असतो.

बॅकस्पेस दाबूनही हे बघता येईल. रेघ असताना बॅकस्पेसने अक्षराचा एकेक तुकडा जातो, रेघ गेल्यावर अख्खं अक्षर जातं.

चॅटच्या अ‍ॅपमध्येच होतं म्हणजे तुमची मांडणी चुकलेली नाही. एंटर आणि अक्षर यांचा क्रम त्या अ‍ॅपपर्यंत जाताना उलटा होतोय. माझ्याकडे आयबसऐवजी एफसीआयटीएक्स ५ (तेच काम करणारा दुसरा प्रोग्राम) लावल्यावर हे थांबलं. बघा करून.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. स्पेस देऊन सकाळी बाईंना निरोप पाठवला, ‘यो’सकट गेला. हाना-चं उदाहरण करून बघितलं, न सरकताना डोळ्यांनी दिसला. दोन वर्षं कोरियन टाइप करतेय, पण फोनवर, तिथे हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

एफसीआयटीएक्स ५ आणि त्याचं हंगुल पॅकेज टाकलं. लँग्वेज सपोर्टमध्ये कीबोर्ड इनपुट मेथड सिस्टिम ‘एफसीआयटीएक्स ५’ केली, लॉगआउट-लॉगिन केलं. पण त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये हंगुल दिसतच नाही, मराठीही नाही. नुसती इंग्रजीची यादी येते.

प्रतिसाद ३

त्या खिडकीत ‘ओन्ली शो करंट लँग्वेज’ अशी खूण केलेली असेल, ती काढा. तुमची सिस्टिम इंग्रजीत आहे म्हणून तो फक्त इंग्रजीच दाखवतोय. मीही यात एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.

आणखी एक. लॉगिनच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात गिअरची खूण असते, तिथून ‘उबुंटू ऑन एक्सऑर्ग’ निवडून आत या. एक्सऑर्ग आणि वेलँड या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. वेलँडवर लेआउट बदलणं नोमच्या, म्हणजे उबुंटूच्या डेस्कटॉपच्या, हातात असतं, एफसीआयटीएक्सला त्यात शिरता येत नाही. मग कोरियन येईल पण मराठी गोंधळ घालेल. तीन भाषा असतील तर सध्या एक्सऑर्गच बरं. आणि सेटिंग्जमधल्या इनपुट सोर्सेसमध्ये फक्त इंग्रजी ठेवा, बाकी दोन्ही एफसीआयटीएक्समध्ये घ्या. दोन्हीकडे ठेवलं की कोण कधी बदलतंय ते कळत नाही.

रुपयाच्या चिन्हाबद्दल: ट्वीक्समधला तो पर्याय सगळ्याच लेआउटना लागू होतो. मराठी इन्स्क्रिप्टमध्ये उजवा ऑल्ट आणि ४ मिळून रुपया येतो. तुम्ही उजव्या ऑल्टला हंगुल केलंत, मग मराठीला उजवा ऑल्ट उरलाच नाही. एकच कळ दोघींना देता येणार नाही. पर्याय काढून टाका आणि भाषा बदलायला कंट्रोल-स्पेस वापरा, ते तयारच असतं.

प्रतिसाद १

ताई, लिब्रेऑफिस (कागदपत्रं लिहायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर तिथे एक बघून घ्या. त्यात पाश्चात्त्य, आशियाई आणि कॉम्प्लेक्स अशा तीन गटांचे फाँट वेगवेगळे ठरतात. कोरियन आशियाईत येतं, मराठी कॉम्प्लेक्समध्ये. ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर दोन्ही चालू करा, नाहीतर तुमच्या तीन भाषांच्या कागदात फाँटचा मेळ बसणार नाही.

धागाकर्ती

खूण काढल्याबरोबर यादी उघडली. हंगुल आणि मराठी दोन्ही घेतलं, एक्सऑर्गमधून आत आले, ट्वीक्समधला पर्याय काढला. रुपया परत आला.

मग चॅट उघडलं. बाईंना लिहून चाचणी करायचा धीर झाला नाही, म्हणून आधी नवऱ्याला पाठवलं. ‘बोनेल्केयो’, स्पेस न देता थेट एंटर. पूर्ण गेलं. खालची चौकट रिकामी. लागोपाठ दहा-बारा वेळा केलं, एकदाही ‘यो’ राहिलं नाही. लिब्रेऑफिसचंही करून ठेवलं.

हान-यंगची कळ मात्र आता नुसती ऑल्ट झाली आहे. मला कंट्रोल-स्पेसची सवय होईल, पण लेकीला शाळेत तीच कळ शिकवली आहे आणि ती घरी येऊन तीच दाबते. मराठीत उजवा ऑल्ट रुपयासाठी आणि इंग्रजी-कोरियनमध्ये हंगुलसाठी, असं लेआउटप्रमाणे वेगळं ठेवलेलं कुणी आहे का? असेल तर कसं केलंत तेवढं लिहा. धागा उघडा ठेवते.