ड्रेन प्लगचे कोपरे गोल झाले. आता काय करावे?

प्रश्न: बारा कोनी पान्याने ड्रेन प्लगचे (इंजिनखालच्या ऑइल चेंबरमधून तेल काढायच्या बोल्टचे) कोपरे पार झिजले असून १७ मि.मी.चा पाना नुसताच फिरतो. ऑइल चेंबर ॲल्युमिनियमचा आहे. प्लग कसा काढावा?

उत्तर १: इंजिन कोमट असताना १६ मि.मी.ची षट्कोनी गोटी (सॉकेट पाना) हातोडीने ठोकून घट्ट बसवावी आणि लांब दांड्याने सावकाश जोर द्यावा. तेही न जमल्यास आतून उलटे पीळ असलेली एक्स्ट्रॅक्टर गोटी आणावी. जोर वाढेल तशी ती अधिकच रुतते.

उत्तर २: छिन्नीने ठोकून प्लग फिरवणे मात्र शक्यतो नकोच. चेंबरला तडा गेला, तर खर्च कुठल्या कुठे जातो.

प्रश्नकर्ता: एक्स्ट्रॅक्टरने प्लग निघाला, चेपलेला वॉशर त्यालाच चिकटून आला. आभारी आहे.

उत्तर १: नवा प्लग नव्या वॉशरसह आधी हाताने फिरवून आट्यांत नीट बसवावा आणि मगच मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कइतकाच (पिळाच्या जोराइतकाच) आवळावा.