तंबूत मुक्काम आणि गाडीचं चार्जिंग : नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

नाशिकमधून तास-दीड तासात गाठता येतील अशा तंबूच्या जागा आता चिक्कार झाल्यात. गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, वैतरणा, त्र्यंबकची बाजू, घोटीवरून आत वळलं की भंडारदरा. तिथल्या पार्किंगमध्ये विजेवरच्या गाड्यांच्या हिरव्या नंबरप्लेटाही वाढल्या आहेत. बुकिंगच्या वेळी 'चार्जिंग होईल ना?' विचारलं की पलीकडून हमखास 'हो हो, पॉइंट आहे' असं उत्तर येतं. हा पॉइंट प्रत्यक्षात कसा निघाला, पैसे कोणी आणि किती घेतले, रात्री काय झालं, ते सविस्तर लिहा. कॅम्पची नावं नकोत, मागच्या वेळी त्यावरून भांडणं झाली.

गंगापूर रोड, कार

मे संपता संपता काजव्यांसाठी आम्ही भंडारदऱ्याला जलाशयाच्या काठी राहतो. नाशिकहून सत्तरेक किलोमीटर. आमची जुनी, ३०.२ युनिटची बॅटरी असलेली नेक्सॉन जाऊन-येऊन जमवते, पण मध्ये रंधा धबधबा आणि साम्रदची सांदण दरी झाली की परतीचा हिशेब तंग होतो.

कॅम्पवर पॉइंट होता खरा, स्वयंपाकघरात, फ्रीजच्या शेजारी. पंधरा अँपिअरचा. प्लग लावला तर चार्जरवर लाल दिवा. अर्थिंग नाही. तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. तिथला पोरगा म्हणाला, "थांबा दादा, करून देतो," आणि न्यूट्रलवरून वायरचा तुकडा काढून अर्थच्या पिनला जोडायला निघाला. ही युक्ती गावोगावी माहीत आहे, चार्जर फसतोही. पण मागे कुठे न्यूट्रल तुटली की गाडीच्या पत्र्यात करंट उतरणार, आणि पहाटे ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून दार उघडणारे आपणच. मी त्याला हात लावू दिला नाही.

मालक भले निघाले. सकाळी गावातला वायरमन आला, त्याने अंगणात रॉड ठोकला, भोवती मीठ-कोळसा भरून वर दोन बादल्या पाणी ओतलं. दुपारी हिरवा दिवा. दोन रात्रींचा मुक्काम होता म्हणून जमलं, नाहीतर घोटीपर्यंत एसी बंद.

सिडको, कार

वरच्यांना पुस्ती जोडतो. अर्थिंग असलं तरी संध्याकाळी लावू नका. सात ते दहा कॅम्पवर सगळ्यांचं सगळं चालू असतं: दिवे, पाण्याची मोटर, स्पीकर. वैतरण्याला मी मीटरवर १८० व्होल्ट पाहिलेत. चार्जिंग सुरू होतं, तुटतं, पुन्हा सुरू होतं. अकरानंतर लावलं की सकाळपर्यंत निवांत. पंधरा अँपिअरवर तासाला जेमतेम तीन युनिट जातात, म्हणजे रात्रीच्या आठ तासांत वीस-बावीस युनिट पदरात. परतीला तेवढं पुष्कळ.

पंचवटी, स्कूटर

आम्हा गरिबांना हे प्रश्न पडत नाहीत. अंजनेरीच्या पायथ्याशी राहिलो, मोबाईल चार्ज करायच्या साध्या पाच अँपिअरच्या पॉइंटवर स्कूटर लावली, सकाळी फुल्ल. तीन-चार युनिटचा मामला. मालकांनी पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. एकच सांगणं : ज्यांची बॅटरी काढता येते त्यांनी ती तंबूत उशाशी घेऊन चार्ज करू नये. बाहेर, छपराखाली, मोकळ्या जागेत ठेवा.

गंगापूर धरण परिसर, कॅम्पचालक

तुम्ही सगळे पाहुण्यांच्या बाजूने लिहिताय, म्हणून आमची बाजू मांडतो. पहिली गाडी आली तेव्हा मीही 'लावा की, काय होतंय' म्हणालो होतो. शनिवारी रात्री तीन गाड्या एकदम लागल्या. तीन गुणिले तीन, नऊ किलोवॉट. माझा मंजूर भार पाच. मुख्य एमसीबी पडला आणि सगळा कॅम्प अंधारात. पाहुणे म्हणाले, वा, आता तारे दिसतील. फ्रीजमधल्या पनीरचं कुणाला काय!

त्यानंतर थ्री फेज घेतलं. पार्किंगजवळ दोन निळे इंडस्ट्रियल सॉकेट बसवले, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, प्रत्येकाला वेगळा एमसीबी, आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा) आणि सबमीटर. आता युनिटप्रमाणे पैसे घेतो. काहींना राग येतो, 'एवढं तंबूचं भाडं घेता, वर विजेचे कसले पैसे?' अहो, आमची जोडणी व्यापारी दराची. पंचवीस युनिट म्हणजे तुमच्या जेवणाच्या ताटाइतका खर्च, आणि तो पेट्रोलची गाडी घेऊन आलेल्या शेजारच्या तंबूवाल्याने का उचलायचा? सरसकट शंभर-दोनशे घेण्यापेक्षा सबमीटर बरा, दोघांनाही दिसतं.

दुसरं म्हणजे तुमची एक्स्टेन्शन. ती गुंडाळी असते ना, अर्धी उघडून अर्धी तशीच ठेवता. पंधरा अँपिअर रात्रभर गेला की आतली वेटोळी तापून वितळतात. माझ्याकडे तसलं एक रीळ आहे, नवीन पाहुण्यांना मी आधी ते दाखवतो.

देवळाली कॅम्प, कार

पावसाळ्यातलं कोणी लिहिलं नाही म्हणून. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बराचसा आम्ही ज्या शनिवारी जातो त्याच दिवशी पडतो अशी माझ्या बायकोची ठाम समजूत आहे. गाडीकडचं टोक पाण्याची काळजी घेऊन बनवलेलं असतं, त्याची भीती नाही. घात होतो तो भिंतीकडच्या प्लगात आणि मधल्या डब्यात. डबा चिखलात ठेवू नका, खुंटीला टांगा. वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळावरून गळून जातं, प्लगात शिरत नाही.

आणि लाईट जाते. तिथे जनरेटर सुरू झाला तरी गाडी घेईलच असं नाही. छोट्या जनरेटरला बहुधा न्यूट्रल-अर्थचा नीट संबंध नसतो, चार्जर पुन्हा लाल. आमची मुलं तोवर भजी खातात.

ठाण्याहून येणारा, सासुरवाडी नाशिक

इगतपुरीला रात्रभर लावून सकाळी शंभर टक्के करू नका, विशेषतः खाली ठाण्याकडे उतरायचं असेल तर. कसारा घाट उतरताना गाडी ब्रेकमधून वीज परत भरते, पण बॅटरी काठोकाठ असेल तर भरायला जागाच नाही. मग घाटभर साध्या ब्रेकवर उतरायचं. नव्वदला थांबवा. हिशेबाने पाहिलं तर तीनशे मीटरचा उतार आणि दीड-पावणेदोन टनांची गाडी, म्हणजे सव्वा-दीड युनिट, त्यातलंही सगळं परत येत नाही. आकडा मोठा नाही, पण उतारावर गाडी आपणहून धरून राहते ते सुख वेगळं.

कॉलेज रोड, कार

मला हे सगळं प्रकरण अनाठायी वाटतं. निघायच्या आधी घरी भरा, परतीला महामार्गावर फास्ट चार्जर गाठा. ऐंशी टक्क्यांपर्यंत भरभर होतं, पुढे रांगतं, तेव्हा ऐंशीला सोडा. तोवर मिसळ खा. कॅम्पवाल्याच्या स्वयंपाकघरात वायरी ओढत बसायला मी सुट्टी काढत नाही.

गंगापूर रोड, कार (पुन्हा मीच)

कॉलेज रोडकर, महामार्गावरचं ठीक आहे. भंडारदऱ्याला काजव्यांच्या शनिवारी घोटीच्या पुढची रांग पाहिलीत का? तासन् तास पाच-दहाच्या वेगाने.

म्हसरूळ, कार

उलटा अनुभव : आम्ही गाडीकडूनच वीज घेतो. नव्या गाड्यांत ही सोय आली आहे. जानेवारीत निफाडकडे मित्राच्या द्राक्षबागेत तंबू टाकला होता, पहाटे पारा सहाच्या आसपास. इंडक्शन लावून दहा मिनिटांत सगळ्यांचा चहा, खर्च पाव-अर्धा युनिट. मित्राचे वडील, ज्यांनी आजवर या गाडीला 'खेळणं' म्हटलं, ते कप घेऊन बॉनेटला टेकून बसले आणि फवारणीचा पंप यावर चालेल का विचारू लागले.

नाशिकरोड, अजून गाडी घ्यायची आहे

सगळं वाचलं. अर्थिंग आहे की नाही हे जाण्याआधी किंवा प्लग लावण्याआधी कळायचा काही सोपा मार्ग? मालक तर 'सगळं आहे' म्हणणारच.

गंगापूर धरण परिसर, कॅम्पचालक

तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर मिळतो, इलेक्ट्रिकच्या दुकानात मागा, खिशात मावतो. मल्टिमीटर असेल तर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे साधारण सारखे व्होल्ट दिसले पाहिजेत आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चारच्या वर नको. तिथे अगदी शून्य दिसलं तर कोणीतरी वर सांगितलेली वायरच्या तुकड्याची करामत केलेली असू शकते, सॉकेट उघडून बघायला सांगा. फोनवर विचारायचं तर 'चार्जिंग होईल का' असं विचारू नका. मागच्या आठवड्यात कोणती गाडी लावली होती, तेवढं विचारा. उत्तर यायला वेळ लागला की समजा.