अमोनिया उतरत नाही: एरेशन टँकमध्ये मीडिया टाकायचा का?

प्रश्न (निपानिया, इंदूर): टाउनशिपचा १५० केएलडीचा (रोज १५० घनमीटर) एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, माझ्याकडे आहे. बीओडी (जिवाणू खातात त्या सेंद्रिय घाणीचं माप) १०च्या आत, पाणी नितळ. पण थंडी पडल्यापासून अमोनिया लिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली येईना. कन्सल्टंट म्हणतो, चालू एरेशन टँकमध्येच (जिथे हवा सोडून गाळातल्या जिवाणूंकडून घाण खाववतात) एमबीबीआरचा मीडिया, म्हणजे जिवाणू चिकटून वाढायच्या प्लास्टिकच्या चकत्या, सोडा. अध्यक्षसाहेब म्हणतात, "भिया, कबीटखेडीच्या शहराच्या एसटीपीहून टँकरभर स्लज (जिवाणूंचा गाळ) आणून ओता, फुकटात काम!" मोकळ्या गाळाची आणि मीडियाची, अशा दोन पद्धती एकत्र नांदतात का?

उत्तर १: टँकरवाला उपाय आम्ही केलाय. आठवडाभर छान, मग पुन्हा तेच.

उत्तर २ (काका): तेच होणार. विरजण चांगलं असलं तरी रोज भांडं खंगाळलं तर दही कसं लागेल? रोज किती गाळ काढतोस, ते आधी सांग.

प्रश्नकर्ता: ४ घनमीटर, रिटर्न लाइनमधून (खाली बसलेला गाळ टँकमध्ये परत नेणारी). तिथे गाळ लिटरला ८००० मिलिग्रॅम. टँक ६० घनमीटरचा, एमएलएसएस (टँकच्या पाण्यातला गाळ) लिटरला ३००० मिलिग्रॅम.

काका: म्हणजे टँकमध्ये १८० किलो गाळ आणि रोज ३२ किलो बाहेर. गाळाचं वय जेमतेम साडेपाच दिवस. बीओडी खाणाऱ्यांना तेवढं पुरतं. अमोनियावाले जिवाणू मुळातच सावकाश वाढतात, थंडीत आणखी मंद. पोरं होण्याआधीच तू त्यांना घराबाहेर काढतोस! १९१४ साली मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी तळाचा गाळ फेकायचा सोडून पुढच्या खेपेच्या पाण्यासाठी राखला, तिथून ही मोकळ्या गाळाची पद्धत सुरू झाली. अजूनही सगळा खेळ राखण्याचाच.

काढणं निम्म्यावर आणलंस तर वय अकरा दिवसांच्या आसपास जाईल, पण एमएलएसएसही चढत जाईल आणि सकाळच्या गर्दीत क्लॅरिफायरवरून (गाळ खाली बसवायच्या टाकीवरून) गाळ वाहायला लागेल. मीडियाचा उपयोग इथे आहे. सावकाश वाढणारे त्याला चिकटून बसतात, वेस्टिंगमध्ये (रोज काढायच्या गाळात) जात नाहीत. एकाच टँकमध्ये गाळाची दोन वयं. त्यामुळे कन्सल्टंट चुकीचं सांगत नाहीये. फक्त निकासावर जाळी हवीच, नाहीतर प्लास्टिकच्या चकत्या क्लॅरिफायरमध्ये सापडतील.

आता हवा. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला साधारण ४.५७ मिलिग्रॅम ऑक्सिजन आणि ७.१४ मिलिग्रॅम अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) लागते. मोकळ्या गाळाचं डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, लिटरला मिलिग्रॅम) २ वर भागतं. चिकटलेल्या थराच्या आतपर्यंत हवा पोचवायला ३–४ लागतो. तुझा किती?

प्रश्नकर्ता: १.२, संध्याकाळी त्याहून कमी. डिफ्यूझर (तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे) बसवल्यापासून उघडलेले नाहीत. पाणी बोअरचं, अल्कलिनिटी ३०० वर आहे.

काका: मग अल्कलिनिटीची चिंता नको. मीडियाचं कोटेशन खिशात ठेव. आधी डिफ्यूझर काढून धू, ब्लोअरचा (हवेच्या पंपाचा) फिल्टर बघ. डीओ २ च्या वर टिकला की वेस्टिंग ४ वरून ३ वर आण, रोज क्लॅरिफायरमधली गाळाची पातळी मोज. टँकर मागवायचाच असेल तर त्यानंतर. आणि अध्यक्षसाहेबांना सांग, टँकरचं भाडंही फुकट नसतं.



प्रश्नकर्ता: डिफ्यूझर धुवायला रविवारी शटडाउन घेतोय. एवढ्या वेळात गाळ मरणार नाही ना?

काका: दोन-चार तासांनी काही होत नाही. हवा सुरू केल्यावर लगेच सॅम्पल घेऊ नकोस, एवढंच.