प्रथमोपचाराची बंद पडलेली तुकडी परत उभी करतोय, कॅडेट लगेच घ्यावेत का?

जंक्शनकर
मंडळी, सल्ला हवाय. आमचं रेल्वे जंक्शनचं गाव, इथं सेंट जॉन अॅम्ब्युलन्स या प्रथमोपचार करणाऱ्या स्वयंसेवकांच्या संस्थेची तुकडी होती, माझे वडील तीस वर्षं त्यात होते, यात्रा असो की विसर्जन, खिशाला तो आठ टोकांचा पांढरा क्रॉस लावून उभे. जुने लोक रिटायर झाले, काही गेले, मग कोरोनात जमणं बंद झालं ते झालंच. आता आम्ही पाच जण परत सुरू करायच्या मागे लागलोय. परवा वडिलांच्या वेळची पत्र्याची ट्रंक उघडली, वर मोडलेल्या हाडाला बांधायच्या लाकडी फळ्या, खाली पिवळ्या पडलेल्या त्रिकोणी पट्ट्या, घड्यांवर सेफ्टी पिनांच्या गंजाचे डाग, आणि तळाशी हजेरीचं रजिस्टर. शेवटच्या पानावर तीनच सह्या, त्यातली एक वडिलांची. पोटात कालवलं एकदम. आठवी-नववीच्या पोरापोरींची कॅडेट तुकडी काढायची फार इच्छा आहे. जूनमध्ये शाळा उघडल्या की लगेच मुलं घ्यावी का?

गार्डबाबा
दादा, वाचून बरं वाटलं, पण जूनची घाई नको. आमच्याकडे आम्ही हीच चूक केली, पहिल्याच रविवारी चाळीस पोरं आली आणि शिकवायला आम्ही दोघं, त्यातल्या एकाचं सर्टिफिकेट संपलेलं. तीन वर्षांनी ते परत काढावं लागतं हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. दोन महिन्यांत पोरं पांगली आणि एकदा पांगलेली पोरं परत येत नाहीत. आधी आठ-दहा मोठी माणसं जमवा, सगळ्यांचा प्रथमोपचाराचा कोर्स नव्याने करा, जिल्ह्याच्या ऑफिसात लेखी कळवून परवानगी घ्या, आणि सलग तीन महिने दर रविवारी जमून दाखवा. पाऊस असला तरी. मग मुलं.

सिस्टर_ताई
मी नर्स आहे. बाबांचं पटतं, पण अर्धंच. मुलं आली की आईबाप मागे येतात, तेच तुमचे पुढचे मोठे स्वयंसेवक, म्हणून फार लांबवू नका, दहा-बारा मुलांपासून सुरू करा. इंग्लंडात सेंट जॉनचे कॅडेट १९२२ पासून आहेत, म्हणजे मुलांना हे जमतं की नाही हा प्रश्नच उरत नाही. फक्त कुठलं काम कुणाचं ते बघा. सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करायच्या उपचारात, मोठ्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबावी लागते, बारा वर्षांच्या पोराच्या अंगात तेवढं वजन बऱ्याचदा नसतं. त्याला तंत्र शिकवाच, पण आधी १०८ ला फोन लावून पत्ता नीट सांगणं शिकवा, सांगताना भलेभले गडबडतात. भाजल्यावर टूथपेस्ट नाही, वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. साप चावला तर कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, हलू द्यायचं नाही, थेट दवाखाना. हे पोरगं घरी जाऊन आजीला सांगतं ना, तिथं खरं काम होतं. आणि मुलींसाठी तुकडीत बाई हवीच, एकटा मोठा माणूस मुलांबरोबर कधीच नको, कमीत कमी दोघं.

जंक्शनकर
ताई, पालकांचीच भीती आहे, अपघातात पोरगं मदतीला गेलं तर पोलिसांचं लफडं नको म्हणतात.

सिस्टर_ताई
त्यांना मोटार वाहन कायद्याचं १३४ अ कलम सांगा, २०१९ च्या दुरुस्तीत आलंय. अपघातात चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव-पत्ता द्यायची सक्तीही नाही. पण पोरांनी रस्त्यात धावायचं नाही, हे आधी मुलांना आणि मग पालकांना सांगा.

गार्डबाबा
आणि त्या जुन्या पट्ट्या वापरू नका, सरावालाही नको. मांजरपाट घ्या, एक मीटरचा चौकोन कोपऱ्यातून कोपऱ्यात कापला की दोन पट्ट्या होतात, कडा शिवून घ्या. गाठ रीफ नॉटच, उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर. सपाट बसते, हात गळ्यात बांधला तर मानेला रुतत नाही आणि सोडवायला सोपी.

जंक्शनकर
ठरलं. आधी आम्ही पाच जण कोर्स करतो, दोन शिक्षिका तयार आहेत त्यांनाही घेतो, कॅडेट दिवाळीनंतर, बाराच. काल मांजरपाट आणला, आई मशीनवर कडा मारतेय. रजिस्टर तेच ठेवतोय, वडिलांच्या सहीनंतरचं पान कोरं आहे, रविवारी तिथून सुरू करू.