इंजिन गेलं तर गाडी नागपुरात खोलायची की मुंबईला धाडायची?

बोअरगेज (धागा सुरू)

आधी मत मांडतो, मग झोडा. स्पोर्ट्स कारच्या इंजिनातून खडखड यायला लागली की नागपुरात पहिला सल्ला मिळतो, "मुंबईला पाठवून दे." मला हे पटत नाही. निदान इथेच व्हावं, आणि ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) कास्ट आयर्नचा असेल तर इंजिनही इथेच बांधावं. फोक्सवॅगन पोलो जीटीआयचं १.८ आणि स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचं २.० टीएसआय, दोन्ही फोक्सवॅगनच्या ईए८८८ इंजिन कुळातली. ब्लॉक कास्ट आयर्नचा, बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) ८२.५ मिमी. त्याला रेबोरिंग (बोअर कापून मोठा करणं), होनिंग (दगडाने बारीक घासणं), ओव्हरसाइझ पिस्टन सगळं चालतं. रोज ट्रकची इंजिनं हाताळणाऱ्या बोरिंगवाल्याला हा ब्लॉक परका नाही.

मिस्त्री विश्वासाचा आहे का, हे तो आधी काय मोजतो त्यावरून कळतं. पाटीवर कुठल्या गाड्यांची चित्रं आहेत त्यावरून नाही. "इंजिन उतरवावं लागेल" हे वाक्य लीक-डाउन टेस्टच्या आधी आलं तर चावी परत मागा. टेस्ट अशी: इंजिन गरम असताना प्लग काढायचे, सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सर्वात वर) आणायचा, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) फिरू नये म्हणून पान्याने धरून ठेवायचा, ७ बारच्या आसपास हवा द्यायची आणि गळती टक्क्यांत वाचायची. १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, २० च्या पुढे गेली की गडबड. मग कान लावायचा. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलकडून आली तर इनलेट. कूलंटच्या टाकीत बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा.

मात्र खालून ठोका येत असेल तर गरम करणं वगैरे काही नाही. इंजिन बंदच ठेवायचं आणि आधी ऑइल फिल्टर कापायचा. घड्या उलगडून चुंबक फिरवा. चिकटलं ते लोखंड-पोलाद. न चिकटणारी पांढरट चमक अ‍ॅल्युमिनियमची किंवा बेअरिंगच्या वरच्या थराची. तांबूस कण दिसले म्हणजे शेल बेअरिंगचा (क्रँकभोवतीच्या पातळ कपच्यांचा) वरचा थर झिजून आतला उघडा पडलाय. फिल्टर न कापता फेकणारा मिस्त्री पुरावा फेकतोय.

आठहजारी

बोअरगेजभाऊ, कास्ट आयर्नपुरतं मान्य. पण धाग्याचं नाव स्पोर्ट्स कार आहे आणि उदाहरणं तुम्ही हॅचबॅक-सेडानची दिलीत. बीएमडब्ल्यूच्या ई९२ एम३ चं एस६५ इंजिन घ्या. ४ लिटर व्ही८, ८३०० आरपीएम, ब्लॉक अ‍ॅल्युसिल या मिश्रधातूचा. या बोअरला लायनर (आतलं वेगळं अस्तर) नसतो. पिस्टन अ‍ॅल्युमिनियममधल्या सिलिकॉनच्या कणांवर घासतो. साध्या होनिंगच्या दगडाने हात मारला की ते कण उखडतात किंवा अ‍ॅल्युमिनियमखाली दबतात, आणि इंजिन काही दिवसांतच ऑइल प्यायला लागतं. होनिंगनंतर कण उघडे पाडायची वेगळी प्रक्रिया असते. "आपण सगळ्या गाड्यांचं करतो" म्हणणाऱ्याला एवढाच प्रश्न विचारा, अ‍ॅल्युसिलवर शेवटचा हात कशाने मारता? उत्तर "त्याच दगडाने, फक्त बारीक" असं आलं तर नमस्कार करून निघा.

पोर्शची तीच कथा. बॉक्स्टर, केमन आणि ९११ च्या २००८ पर्यंतच्या एम९६, एम९७ इंजिनांत बोअर लोकासिलचे (सिलिकॉनच्या कणांचाच दुसरा प्रकार). तिथे ओरखडे बहुधा खालच्या भागात सुरू होतात. प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) घालून "साहेब, एकदम क्लीन आहे" सांगणाऱ्याने अर्धाच बोअर पाहिलेला असतो. इंजिनाखालचा ऑइल चेंबर काढून, पिस्टन वर नेऊन, खालून पाहावं लागतं. आणि ओली कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजणं, या आडव्या इंजिनांत फसवते. ऑइल एका बाजूला साचतं, रिंगेभोवती सगळीकडे पोचतच नाही.

या इंजिनांवर रोज हात असलेला माणूस लागतो. इथे वर्षाला अशा किती गाड्या उघडल्या जातात? हात बसणार कसा?

लेथ_हिंगणा

हात बसणं वेगळं, माप घेणं वेगळं. आठहजारी दादा, तुम्ही या दोन्हींची खिचडी केलीत. खोलणारा-जोडणारा एक, मशीनिंग करणारा दुसरा. ब्लॉक किंवा हेड एकटं खोक्यात घालून बाहेर पाठवता येतं, त्यासाठी अख्खी गाडी समृद्धीवर ७०१ किलोमीटर नेण्याची गरज नाही.

मिस्त्रीकडून मागायचा कागद सांगतो. प्रत्येक बोअरची सहा मापं: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक उंचीवर आडवं-उभं. त्यावरून टेपर आणि अंडाकृती कळते. क्रँकच्या प्रत्येक जर्नलचं (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचं) माप मायक्रोमीटरने, दोन दिशांत. शेल बेअरिंग बसवून ऑइल क्लिअरन्स (ऑइलसाठीची फट). ढोबळ हिशेब जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग, म्हणजे ५० मिमीला ०.०५ मिमी. कंपनीचा आकडा वेगळा असेल तर तोच धरायचा. "हाताला बरोबर लागलं" हे माप नाही.

आता नागपूरची अडचण. मापांचं संदर्भ तापमान २० अंश. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ४५ अंशांत ९२ मिमीचा अ‍ॅल्युमिनियम बोअर ०.०५ मिमीच्या आसपास फुगलेला असतो, आणि पिस्टनभोवतीची फटच त्या पट्टीत मोजतात. गेज पोलादाचा, तो निम्माच फुगतो. म्हणून ब्लॉक, पिस्टन आणि गेज रात्रभर एसीच्या खोलीत एकत्र ठेवायचे आणि सकाळी मोजायचे. हिंगणा-बुटीबोरीत कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. मिस्त्रीला विचारा, मापं कुठल्या खोलीत घेता? तो हसला तर समजून जा.

आठहजारी

ब्लॉक खोक्यात पाठवायची कल्पना कागदावर छान. जबाबदारी कोणाची? इंजिन पुन्हा गेलं की जोडणारा मशीनवाल्याकडे बोट दाखवतो, मशीनवाला जोडणाऱ्याकडे. एका छताखाली काम झालं तर मान एकच धरावी लागते.

शिवाय इंजिन दुसऱ्यांदा जाण्याचं नेहमीचं कारण मशीनिंग नसतंच, मागे राहिलेला कचरा असतो. बेअरिंग फुटलं की चुरा ऑइलबरोबर सगळीकडे जातो. ऑइल कूलर कितीही धुतला तरी आतल्या पापुद्र्यांत चुरा राहतो, तो नवाच घ्यायचा. टर्बोची फीड लाइन, कॅम फेजरचे सोलेनॉइड, ऑइल पंप हे सगळं तपासून नाहीतर बदलून. अंदाजपत्रकात ऑइल कूलर नाही म्हणजे ते स्वस्त नाही, अर्धवट आहे. कनेक्टिंग रॉडचे आणि हेडचे ताणून बसवायचे बोल्टही एकदाच वापरायचे. आधी ठरलेला टॉर्क, मग ठरलेले अंश. अंश मोजायचं साधन दुकानात दिसलं पाहिजे.

तर्रीवाला

राजेहो, इंजिन कोन बांधते याच्यावर भांडून राहिले, पण गेलं कशानं ते कोनी पाहूनच नाही राहिलं! रिमॅप केलेली (ताकद वाढवाले सॉफ्टवेअर बदललेली) टर्बो गाडी, मॅप ९७ ऑक्टेनचा, टाकीत त्याच्याहून कमी ऑक्टेनचं पेट्रोल, बाहेर ४५ डिग्री. इंजिन नॉक (पेट्रोल भलत्या येळी पेटून ठोके) करन नाही तं काय करन? पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते. मंग कोनी नवा पिस्टन टाकते, मॅप तोच ठेवते, न् तोच सिलिंडर पुन्हा जाते. तुमच्या मुंबईवाल्यानं बांधला तरी जाते.

खोलाच्या आधी ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) वाचून घ्या. मिसफायरचा हिशेब सिलिंडरवार, नॉकमुळे टायमिंग किती अंश मागं घेतलं, फॉल्ट आला तेव्हाचं तापमान. पोर्श ९९७-९८७ (९११, बॉक्स्टर, केमन) मंधी तं ओव्हररेव्हच्या (मर्यादेच्या वर फिरवल्याच्या) सहा पायऱ्या इंजिनाच्या तासांसकट लिहून असतेत. बॅटरी काढाच्या, कोड पुसाच्या आधी फोटो घ्या. जो मिस्त्री पहिले कोड पुसते, त्याले गाडी देऊ नका. बस.

क्लेमचा_कागद

तर्रीवाले भाऊंशी सहमत, फक्त पाण्याचं प्रकरण वेगळं धरा. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलावाचं पाणी नागपूरच्या वस्तीत शिरलं, तशा वेळी खाली बसणारी गाडी सर्वात आधी बुडते. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की रॉड वाकतो. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुरात उभ्या गाडीचं नुकसान बसतं, पण पाण्यात स्टार्टर मारून वाकलेल्या रॉडवर कंपन्या बोट ठेवतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं जोड कवच लागतं. सर्व्हेअर येईपर्यंत एकही नट हलवू नका, नाहीतर नुकसान आधीचं की नंतरचं हा वाद तुमच्याच गळ्यात. त्यानंतर हेड काढून प्रत्येक पिस्टन टीडीसीला आणून डायल गेजने त्याची उंची मोजा. एखादा इतरांपेक्षा खाली राहिला तर त्याचा रॉड वाकलाय. हे नागपुरात अर्ध्या दिवसात होतं, इथे बोअरगेज बरोबर आहेत.

आठहजारींच्या "मान एकच" मुद्द्यावर: मान एक असो की दोन, कागद नसेल तर धरायला काहीच नाही. खोलण्याचा खर्च वेगळा ठरवा, बांधण्याचा वेगळा, आणि खोलून झाल्यावर थांबायचं हे आधीच लिहून घ्या. भारतीय करार कायदा १८७२, कलम १७० नुसार मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवायचा हक्क कारागिराला आहे. सुट्या इंजिनाची गाडी सातशे किलोमीटरवर अडकली तर घासाघीस कोण करणार? जुने भाग परत मागा, नव्या भागांच्या खोक्यांवरच्या क्रमांकांसह. आणि पक्कं बिल. ग्राहक आयोगात तोंडी गॅरंटी सिद्ध करताना दमछाक होते.

बोअरगेज

अ‍ॅल्युसिल-लोकासिलबद्दल माघार घेतो, ते बोअर इथे कोणी छेडू नयेत. कूलरचा मुद्दा पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवा होता. पण निदान बाहेर का करायचं, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

आठहजारी

निदान इथे करा, हरकत नाही. चेंबर उघडला असेल तर तो लावून, सगळी तोंडं बंद करून मग पाठवा. अर्धं उघडलेलं इंजिन घ्यायला चांगला माणूस कां-कू करतो, आणि त्याचं बरोबर आहे.

नवा_मेंबर_वर्धारोड

एकच शंका. फ्लॅटबेडवर चढवण्यापुरती पाच सेकंद स्टार्ट केली तर चालेल का?

लेथ_हिंगणा

नाही. बेअरिंग गेलेलं असेल तर त्या पाच सेकंदांत क्रँकही जाईल. न्यूट्रल करा आणि विंचने ओढून घ्या. पुढच्या बंपरमधलं छोटं झाकण काढून टूलकिटमधला हुक लावा. फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी, पोर्श यांच्या हुकाचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवत शेवटपर्यंत घट्ट करा. बंपर खाली असेल तर रॅम्पखाली दोन लाकडी फळ्या टाकायला सांगा.