लॅट-१ प्रथिन जेलच्या तोंडाशीच अडकतंय?

रीकॉम्बिनंट (जनुक दुसऱ्या पेशींत घालून बनवलेल्या) लॅट-१ची, म्हणजे ल्युसीनसारखी अमिनो आम्लं पेशीत नेणाऱ्या प्रथिनाची, पट्टी प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलच्या तोंडाशीच अडकते म्हणताय, नमुना ९५ अंशांवर उकळलात का? तिथेच घोळ असणार. पेशीपटलातून १२ वेळा आरपार जाणारं प्रथिन ते, उकळलं की गुठळ्या होतात. ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून बघा. पट्टीही ५५ किलोडाल्टनला (हे प्रथिनाच्या वजनाचं एकक) शोधू नका, बहुधा ४०च्या आसपास दिसेल; पटलप्रथिनांची ही खोड जुनीच.

ल्युसीनचं वहनही मोजायचंय म्हणता, पण ते नुसत्या डिटर्जंटमध्ये (प्रथिन पटलातून सोडवणाऱ्या साबणासारख्या द्रव्यात) मोजणार कसं? आत-बाहेर असं काही हवं ना! प्रथिन लायपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या पटलाच्या इवल्या पिशव्यांमध्ये, बसवावं लागेल. पण त्याआधी प्रथिनासोबत आलेलं माहितीपत्रक नीट वाचा: प्रथिन पूर्ण ५०७ अमिनो आम्लांचं आहे की तुकडा? तुकडा असेल तर वहनाचा नाद सोडा, अँटिबॉडी तपासायला वापरा.