महापौर हारतुऱ्यांपुरता, कारभार आयुक्तांचा: मग निवडून कोणाला द्यायचं?

पेठकर:
मुंबई-पुण्यात नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मतदान झालं थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात आयुक्तच प्रशासक. बजेट त्यांनीच मांडायचं, त्यांनीच मंजूर करायचं. शहर कोण चालवतं ते तेव्हा तरी कळलं असेल. महापौर अडीच वर्षांचा, तोही नगरसेवकांनी निवडलेला. आयुक्त मंत्रालयाने पाठवलेला. माझं म्हणणं सरळ आहे: महापौर थेट लोकांनी निवडावा, अधिकार त्याला द्यावेत, आयुक्त त्याच्या हाताखाली.

निवृत्त लेखनिक:
म्हणजे बांधकाम परवानग्या आणि टेंडरं प्रचाराचा खर्च वसूल करायला निघालेल्या माणसाच्या हाती. वा! २०१६ मध्ये नवी मुंबईत आयुक्त तुकाराम मुंढेंवर अविश्वास ठराव आला, प्रचंड मतांनी मंजूरही झाला. तरी ते लगेच गेले नाहीत, कारण नेमणूक राज्य सरकारची होती. निवडून आलेल्यांच्या हाती असतं तर त्याच रात्री सामान बाहेर.

पेठकर:
आणि मार्च २०१७ मध्ये पुण्याला पीएमपीएमएलवर, म्हणजे शहर बससेवेच्या कंपनीवर, बदली झालीच ना? नवी मुंबईकरांना विचारलं कुणी? ज्या सरकारने ठेवलं त्यानेच हलवलं. याला संरक्षण नाही, मर्जी म्हणतात.

गावाकडची:
थेट निवडीचं कौतुक आम्हाला सांगू नका. सरपंच २०१७ पासून थेट, २०२० मध्ये ते बंद, २०२२ मध्ये पुन्हा सुरू. सरकार बदललं की पद्धत बदलते! आमच्याकडे सरपंच एका पॅनेलचा, बहुमत दुसऱ्याचं. मासिक सभेला कोरमच होत नाही, नळयोजनेच्या दुरुस्तीचा ठराव लटकलाय. ग्रामसेवकाला मात्र दोन्हीकडून चहा. महापौर एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्याचं झालं की तुमच्याकडेही हेच.

निवृत्त लेखनिक:
अमेरिकेत कित्येक राज्यांत न्यायाधीशही निवडून येतात. त्यांच्या प्रचाराला देणग्या कोण देतं? वकील! धोरण निवडून आलेल्याने ठरवावं, हे मलाही मान्य. पण सही करणाऱ्याला मतांची भीती नको. त्याला फक्त मुदत द्या. आपल्या राज्याच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात तीन वर्षं लिहिलीच आहेत.

पेठकर:
लिहिली आहेत हो. पाळायची कोणी, ज्यांच्या हातात बदलीचं पेन आहे त्यांनीच ना?